जुन्या गिअरचं तेल

गाडीने पहिला हिसका दिला तो नेमका खाडीच्या पुलावर. पुढे ट्रक, मागे ट्रक, खाली वसईच्या खाडीचं गढूळ पाणी आणि शेजारच्या सीटवर डायलिसिसला निघालेले बाबा. रांग सरकली तशी स्वप्नाने ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर ठेवला. इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलेना. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. आणखी दाबल्यावर पाठीत कुणी गुद्दा घालावा तसा हिसका बसला आणि गाडी पुढे गेली.

"काय झालं गो?" काशिनाथांनी विचारलं.

"काही नाही बाबा. खड्डा होता."

पुलावर खड्ड्यांना तोटा नव्हता, त्यामुळे खोटं पचलं. स्वप्नाने मात्र बोरिवलीपर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं.

वाघोलीच्या काशिनाथ राऊतांची ही एकुलती एक मुलगी. डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला. तेव्हापासून पायाला बांधायचं कॅलिपर आणि कुबडी तिच्या अंगाचाच भाग झाली होती. घरी गणिताचे क्लास घ्यायची, आणि अर्ध्या वसईतली दहावीची पोरं तिच्या कुबडीचा आवाज आला की वह्या उघडायची. डाव्या पायाने क्लच दाबणं तिला शक्य नव्हतं, म्हणून वांद्र्याच्या एका निवृत्त साहेबांची जुनी ऑटोमॅटिक गाडी तिने घेतली होती. दोन हजार तीन सालच्या वसईत ती गाडी म्हणजे एक तमाशाच होता. लोक खिडकीतून डोकं आत घालून बघायचे आणि "हिला क्लचच नाही?" असं कळवळून विचारायचे. स्वप्ना म्हणायची, "नाही. आम्ही दोघी सारख्याच."

काशिनाथांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी हात वर केल्याला आता दोन वर्षं होत आली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वसईत नंबर लागेना म्हणून बोरिवली. लोकलच्या गर्दीतून त्यांना नेणं डॉक्टरांनी बंद केलं होतं, आणि भाड्याची गाडी त्यांनी स्वतःच बंद केली होती. मागच्या वर्षी परत येताना भाड्याच्या गाडीत त्यांना उलटी झाली, तेव्हा त्या ड्रायव्हरने गाडी हायवेच्या कडेला थांबवली आणि फडकं त्यांच्या अंगावर फेकून "तुमची घाण तुम्ही पुसा" म्हणाला. आयुष्यभर चार गडी हाताखाली वागवलेल्या माणसाने रस्त्यावर वाकून सीट पुसली. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. मेलो तरी भाड्याच्या गाडीत बसणार नाही, असं ते म्हणायचे, आणि घरात कुणी त्यावर वाद घालायचं नाही.

म्हणजे बाबा जगणार ते या गाडीवर. इतकं सरळ गणित होतं, आणि स्वप्ना गणिताचीच बाई होती.

सोमवारी ती वालीवला सिप्रियनकडे गेली. सिप्रियन परेरा पंचवीस वर्षं बहारीनला गॅरेजमध्ये काढून परत आला होता. इथल्या कारखान्यांच्या गल्लीत पत्र्याची शेड टाकून बसला होता. क्लच नसलेल्या गाड्या त्याने तिकडे ढिगाने पाहिलेल्या, म्हणून अशा गाडीवाले लांबून लांबून त्याच्याकडे यायचे. त्याने बॉनेट उघडलं, गिअरचं तेल बघायची पट्टी उपसली, बोटावर थेंब घेऊन चोळला आणि नाकाशी नेला. मग तेच बोट स्वप्नाच्या नाकाशी धरलं. करपलेल्या दुधाचा वास होता.

"हे लाल असतं," तो म्हणाला, "नवं असताना. सरबतासारखं. हे बघ कसं झालंय."

बोटावरचा थेंब काजळासारखा काळा होता.

"बदलू या मग," स्वप्ना म्हणाली. "त्यात काय एवढं?"

सिप्रियनने बोट पुसलं. गाडीचा आकडा बघितला. पावणेदोन लाख किलोमीटर. "हे आधी कधी बदललंय?"

"मला नाही माहीत. मी तरी नाही बदललं. साहेब तर वारले."

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या सुरावरून काहीच झालेलं नाही हे स्वप्नाला कळलं. "बघ बाय, तुला सरळ सांगतो. गिअरबॉक्सच्या आत पट्ट्या असतात, त्या एकमेकींना धरतात म्हणून गाडी ओढली जाते. तुझ्या पट्ट्या झिजल्यात. झिजलेला सगळा भुगा याच तेलात आहे, आणि माझा संशय असा की त्या भुग्याच्या खरखरीवरच त्या आता पकड धरून आहेत. मी स्वच्छ तेल भरलं, की कदाचित पकड सुटेल. उद्या सुटेल, नाहीतर महिन्याने. बहारीनला एक अरब आला होता, चालवत आला. तेल बदलून दिलं आणि दोराने बांधून ओढत नेली त्याने गाडी. माझ्या डोळ्यांसमोर."

"आणि नाही बदललं तर?"

"तर हे तेल आहे त्या पट्ट्या जाळत बसणार. एक दिवस जाईलच."

"मग करू काय मी?"

"ते तू सांग. मी दोन्ही करून बसलोय आणि दोन्हीकडे शिव्या खाल्ल्यात." त्याने तेल बघायची पट्टी परत आत घातली. "मला विचारशील तर मी हात लावणार नाही. पण मला विचारू नकोस."

असला सल्ला घेऊन माणसाने घरी जावं तरी कसं? स्वप्ना घरी आली ती डोक्याला मुंग्या लागल्यासारखी. रस्ताभर गाडी एकदाही अडखळली नाही आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

मंगळवारी पुलावर पुन्हा हिसका बसला. या वेळी जाताना एक आणि येताना दोन. खड्डा होता म्हणायची सोय राहिली नाही, कारण काशिनाथ तिच्याकडे बघत होते.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. बैठक म्हणजे काशिनाथ आरामखुर्चीत, सावित्रीबाई केळीच्या पानांचे पुडे बांधत उंबऱ्यात, स्वप्ना खुर्चीवर, आणि मोटरसायकल अंगणात लावून आलेला तिचा चुलतभाऊ परेश पायरीवर. परेश अंधेरीला एका कार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला होता, आणि गल्लीतल्या मेकॅनिक लोकांविषयी त्याचं मत एकदा का सुरू झालं की जेवणं होईपर्यंत संपत नसे.

"अगं, पुस्तकात लिहिलंय," परेश म्हणाला. "ठरावीक किलोमीटर झाले की तेल बदलायचं. कंपनी मूर्ख आहे का? हे गल्लीतले लोक भुग्यावर चालते, खरखरीवर चालते काय सांगतात! नाही बदललंस ना, तर एक दिवस भर पुलावर बसेल ती. मग काय करशील? काकांना पाठीवर घेशील?"

स्वप्नाला तेच चित्र शनिवारपासून दिसत होतं. पुलाच्या मधोमध थांबलेली गाडी, दोन्ही बाजूंनी ट्रक, बाबांचा जड होत जाणारा श्वास, आणि पायात कॅलिपर घातलेली ती. चित्र तिथेच थांबायचं, कारण त्याच्या पुढे तिला काही सुचायचंच नाही.

काशिनाथांनी पाण्याची बाटली उचलली. त्यांच्या वाट्याचं दिवसाचं पाणी एका लहान बाटलीत मोजून ठेवलेलं असे. त्यातला एक घोट घेऊन तो त्यांनी तोंडात घोळवला, मगच गिळला.

"तुम्ही दोघं शिकलेले, पण वाडीत कधी राबला नाहीत," ते म्हणाले. "आपलं बावखल बघा. दर वैशाखात गाळ काढतो की नाही आपण? माझ्या बापाने काढला, मी काढला. एक साल कंटाळा केला तर पाण्याला वास सुटला आणि पानवेल पिवळी पडली. गाळ काढला की खालचे झरे मोकळे होतात. गाडीचं वेगळं काय असणार? काळं झालंय ना? उपसायचं. माझं रक्त आठवड्यातून तीनदा धुतात ते लोक, तिचं एकदा धुतलं तर काय बिघडतंय?"

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर राऊतांची केळी, पानवेल आणि मोगरा पोसला गेला होता. काशिनाथांना जगातली कुठलीही अडचण सांगा, ते बावखलाशी आणून सोडायचे.

सावित्रीबाईंनी पुडा बाजूला ठेवला. "उमेळ्याच्या माझ्या भावाने पण गाळच काढला होता. काढत काढत खाली गेला तर खारं पाणी लागलं. अख्खी बाग गेली. आता तिथे बिल्डिंग आहे."

"तुझा भाऊ हावरट होता. कुठे थांबायचं ते कळावं लागतं."

"आणि तुम्हाला कळतं?"

"मला कळतं," काशिनाथ म्हणाले, आणि बैठक संपली.

खरं सांगायचं तर स्वप्नाला कुणीतरी ठरवून द्यायलाच हवं होतं. रोज दहावीच्या पोरांना एका उदाहरणाचं एकच उत्तर असतं असं सांगणारी ही बाई, या उदाहरणापुढे तिने हात टेकले होते. बाबांनी ठरवलं, तिचा जीव भांड्यात पडला. बुधवारी सकाळीच ती वालीवला पोचली.

"एका दिवसाचं काम," सिप्रियन म्हणाला. "संध्याकाळी घेऊन जा." त्याने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली आणि गाडीखाली सरकला. इंजिनाच्या कामाला तो असं करत नसे. जुना गिअरबॉक्स उघडताना मात्र करायचा, आणि स्वप्नाने ते बघायचं नाही म्हणत असतानाही पाहिलं.

काळं तेल पातेल्यात पडायला लागलं. सगळं उतरल्यावर त्याने खालचं झाकण खोललं. मग हातात काहीतरी घेऊन बाहेर आला. आतली गाळणी होती, एका बाजूने फाटलेली.

"ही नवी घातल्याशिवाय बंद करता येणार नाही. इथे मिळायची नाही, मुंबईहून मागवावी लागेल. उद्या-परवा येईल."

"उद्या गुरुवार आहे," स्वप्ना म्हणाली. "बाबांना न्यायचंय. तुम्ही जुनंच परत भरून द्या. शुक्रवारी बघू."

सिप्रियनने तिला पातेलं दाखवलं. तळाशी चंदेरी भुगा बसला होता. "हे आता कुठल्याच गाडीत भरता येणार नाही, बाय. उतरलं ते उतरलं."

गाडी चार ठोकळ्यांवर पोट उघडं टाकून उभी होती. तिच्याकडे पाठ करून रिक्षात बसताना स्वप्नाला वाटलं, हे काही बरं नाही झालं. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर तिने बोरिवलीला फोन लावला. डायलिसिसच्या खोलीतली सिस्टर क्लेमेंटीन मूळची सांडोरची. काशिनाथांना ती काका म्हणायची आणि दरवेळी वाडीतल्या मोगऱ्याची चौकशी करायची. गुरुवारऐवजी शुक्रवारी चालेल का, असं स्वप्नाने विचारलं.

"शुक्रवारी एकही मशीन रिकामं नाही गं. गुरुवार चुकवू नका. काकांचं पोटॅशियम आधीच वर असतं, आणखी चढलं तर हृदयावर येतं. कुठलीही गाडी करा, टेम्पो करा, पण या."

स्वप्नाने गावातल्या एका टूरवाल्याची जीप ठरवून टाकली आणि मग बाबांना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ठरवूच दिली नसती. काशिनाथांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हसले.

"जीप त्याला परत कर."

"बाबा, सिस्टर म्हणाली—"

"सिस्टर चांगली मुलगी आहे. पण ती मशीन बघते, मी झाड बघतो. बावखल उपसतो तेव्हा वाडीला पाणी देतो का आपण? चार दिवस कोरडी असते वाडी. मरतं का झाड? उलट मोगऱ्याला तर आपण मुद्दाम ताण देतो. पाणी तोडतो, पानं गळू देतो. मग कळी कशी भरून येते, तू लहानपणी मोजत बसायचीस. शनिवारी आपण जाणारच आहोत. एक दिवस ताण बसला तर काही होत नाही."

"तुम्ही मोगरा नाही, बाबा."

"मग काय आहे? पाणी मोजून देता, खत मोजून देता." त्यांनी लहान बाटली उचलून तिला दाखवली. मग त्यांचा आवाज खाली आला. "स्वप्ना, त्या रस्त्यावर मला परत नको गो वाकायला लावू."

तिने जीपवाल्याला नको म्हणून कळवलं. आणि मनातल्या मनात तिला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला हवं. दोन दिवस पूल नाही, हिसका नाही. सिस्टरचं बोलणं तिने ऐकलं होतं, पण तिच्या डोक्यात भीती मावायला एकच जागा होती आणि ती गिअरबॉक्सने अडवून टाकली होती.

सावित्रीबाई रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या बापाने बावखल उपसलं तेव्हा तो स्वतः त्यातला मासा नव्हता." काशिनाथ मोठ्याने हसले. वाईट म्हणजे, स्वप्नाही हसली.

गुरुवार इतका चांगला गेला की काशिनाथ दिवसभर मिरवत होते. सुयांचा दिवस टळला होता. मोगऱ्याच्या रांगांमधून काठी टेकत फिरून आले. गड्याला दोन शिव्या हासडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला "आज सुट्टी घेतली" म्हणून सांगितलं. शुक्रवारी सकाळी मात्र उठायला उशीर केला. चेहरा सुजलेला दिसत होता. पाय उचलताना म्हणाले, "पाय कुणी मातीने भरून ठेवलेत वाटतं." उन्हाळा होता, वैशाखाचं ऊन वाघोलीच्या झाडांखालीही भाजून काढत होतं, तेव्हा सगळ्यांनी उन्हावर ढकललं. सावित्रीबाईंनी तेवढं ढकललं नाही. त्या दिवसभर त्यांच्या खुर्चीजवळून हलल्या नाहीत. स्वप्ना घरात असती तर तिलाही कदाचित दिसलं असतं. पण ती वालीवला होती.

गाळणी आली, बसली. सरबतासारखं लाल तेल सिप्रियनने नरसाळ्यातून ओतलं, आणि संध्याकाळी दोघं कारखान्यांच्या रस्त्यावर फेरी मारायला गेले. गाडी अशी चालली की स्वप्नाला रडू यायचं बाकी राहिलं. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, कधी बदलला ते कळूही नये. कुठे हिसका नाही, अडखळणं नाही.

"सिप्रियनभाऊ, ही तर नवी झाली!"

सिप्रियनचा चेहरा काही सैल झाला नव्हता. "लई गोड चालतेय. अरबाची पण अशीच चालली होती, पहिले दोन दिवस." मग तिचा चेहरा पडलेला बघून त्याने आवाज जरा मऊ केला. "घाबरू नको. पण एक कर. उद्या पहिला लांबचा रस्ता आहे. ऐकत राहा. गिअर बदलताना इंजिन एकटंच ओरडलं आणि गाडी मागे राहिली, तर तिथेच कडेला घे. दाबू नको. रेडिओ लावू नको, गप्पा मारू नको. पूल आणि पुलापुढचा चढ निघाला, तर मग देवाची कृपा."

शनिवारी सकाळी काशिनाथांना गाडीपर्यंत आणायला दोन माणसं लागली. एरवी ते स्वप्नाच्या कुबडीला टेकून यायचे आणि दोघं मिळून तीन पायांवर कशी चालतो याची थट्टा करायचे. आज थट्टा नव्हती. गड्याने एका बाजूने धरलं, सावित्रीबाईंनी दुसऱ्या. सीटवर बसल्यावर त्यांनी डोळे मिटून दोन-तीन श्वास घेतले.

"मी येते बरोबर," सावित्रीबाई म्हणाल्या.

"मागे बसून तू काय करणार? आज मोगऱ्याची गाडी यायचीय, घरी कोण?" काशिनाथ म्हणाले. "चल गो स्वप्ना. आज धुऊन येऊ, मग ठणठणीत."

स्वप्नाने वडलांकडे बघितलं. ओठ फिकट होते. आता दीड-दोन तासांत मशीनवर असतील, मग सगळं ठीक होईल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि किल्ली फिरवली. त्या क्षणापासून तिचे दोन्ही कान बॉनेटखाली गेले.

वाघोलीहून वसई, रेल्वेवरचा पूल, वालीव. गाडी लोण्यासारखी चालली होती. स्वप्ना प्रत्येक गिअरला श्वास धरायची आणि बदलला की सोडायची. हायवेला लागल्यावर काशिनाथांनी खिडकीची काच खाली केली. हवा आत येताच रस्त्याचा आवाज एवढा वाढला की इंजिन ऐकू येईना.

"बाबा, काच लावा ना जरा."

त्यांनी काच लावली. हात परत मांडीवर यायला वेळ लागला.

लांबून पुलाची रांग दिसली. ट्रक, टँकर, दुधाच्या गाड्या, सगळे गोगलगाईसारखे सरकत होते. स्वप्नाने एकेक तळहात मांडीवर पुसला. याच जागी गेल्या शनिवारी हे सगळं सुरू झालं होतं. थांबायचं, सरकायचं, थांबायचं. गिअरबॉक्सला सगळ्यात वाईट असतं ते हेच.

"स्वप्ना," काशिनाथ म्हणाले. "मला जरा..."

"बाबा, थांबा हं. बोलू नका आता. मला गिअर ऐकायचाय."

"नाही गो, छातीत..."

पुढचा टँकर हलला. तिने ब्रेक सोडला. इंजिनाचा आवाज किंचित चढला, आणि तिने कान टवकारले. ओरडतंय का? एकटंच ओरडतंय का? नाही, गाडी सरकली. सरकली आणि चालायला लागली.

"एवढा पूल जाऊ दे, बाबा," ती समोरची नजर न काढता म्हणाली. "मग बोलू. एवढा पूल जाऊ दे."

काशिनाथ गप्प बसले. आयुष्यात कुणाचं फारसं ऐकलं नाही त्यांनी, पण मुलीचं ऐकायचे.

पूल संपायला किती वेळ लागला ते तिला कधीच सांगता आलं नाही. तिच्या लेखी त्या वेळात फक्त गिअर होता. खाडीवरचा वारा, टँकरचा धूर, मागच्याचा हॉर्न, काही काही तिच्यापर्यंत पोचलं नाही. पुलाचं दुसरं टोक आलं, रांग सुटली, पुढे चढ होता. तिने अलगद पाय दाबला. गाडी चढाला लागली, गिअर खाली आला, इंजिनाने भार उचलला आणि एकदाही न अडखळता ती वर निघाली. सिप्रियनने सांगितलेलं सगळं मागे पडलं होतं. स्वप्नाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते आनंदाचं होतं, आणि आपण एवढं भ्यालो होतो याची तिला लाजही वाटली. ती मोठ्याने हसली.

"निघाला! बाबा, निघाला पूल! बघितलंत? तुमचंच खरं झालं. उपसलं ते बरंच झालं."

तिने डोळे पुसले. चढ संपून रस्ता सरळ झाला होता, आणि गाडीने आपणहून वरचा गिअर घेतला, इतका हळुवार की तिला कळलासुद्धा नाही.

"हं, आता बोला," ती म्हणाली. "काय म्हणत होतात?"

काशिनाथांचं डोकं बंद काचेला टेकलेलं होतं. गाडी हलत होती तसं तेही थोडं थोडं हलत होतं. तिला वाटलं, झोप लागली. रात्रभर झोपले नाहीत, आई म्हणाली होती. झोपू देत. हॉस्पिटलला पोचेपर्यंत झोपू देत. तिने वेग थोडा कमी केला, त्यांना धक्का लागू नये म्हणून.

मग तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. तो मांडीवरून घसरून दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्याशी येऊन पडला होता. तळवा उघडा होता.

"बाबा, बोला ना," स्वप्ना म्हणाली. "पूल गेला."